तांबट मॅडमची शिट्टी

हॉस्पिटलच्या स्मरणिकेसाठी एखाद्या न विसरता येणाऱ्या सहकाऱ्यावर लिहून द्या, तुम्ही इथले सगळ्यांत जुने, असं मला सांगण्यात आलं. सांगणाऱ्यांच्या मनात बहुधा आमच्या जुन्या मेट्रन असाव्यात. त्यांच्यावर लिहिणं सोपं आहे. त्यांच्याबद्दल सगळे चांगलंच बोलतात. मी तांबट मॅडमवर लिहिणार आहे. छापायचं की नाही ते संपादक मंडळाने ठरवावं. मी एरवी दोन ओळींत आटपणारा माणूस आहे. या वेळी लांबेल.

वासंती तांबट आमच्या संगणक विभागाच्या प्रमुख होत्या. शंभरेक संगणक, त्यांना जोडणाऱ्या वायरींचं जंजाळ आणि त्यात साठवलेली हजारो पेशंटांची दुखणी, या सगळ्याची राखण त्यांच्याकडे. मी रेकॉर्ड विभागात, म्हणजे केसपेपर आणि फायली सांभाळणारा. उंचीने त्या जेमतेम पाच फूट. कॉटनची साडी, खाली पांढरे स्पोर्ट्स शूज, आणि ओळखपत्राच्या दोरीलाच अडकवलेली एक काळी शिट्टी. शिट्टी शोभेची नव्हती. दर रविवारी सकाळी मुठेकाठच्या एका मैदानावर त्या मुलींच्या फुटबॉलच्या मॅचेसना रेफ्री असत. कॉलेजात स्वतः खेळायच्या; गुडघा गेला तेव्हा खेळणं सोडलं, मैदान सोडलं नाही.

माहेर म्हणा, सासर म्हणा, कसबा पेठेतलं एकच घर. लग्न केलं नव्हतं. वडील तांब्याची भांडी घडवायचे. भांडं तयार झालं की ते कानाशी धरून टिचकी मारत आणि नाद ऐकून केसाएवढी चीर ओळखत. मॅडमनी हीच विद्या आम्हाला संगणकावर शिकवली. "मेल आली की आधी टिचकी मारा," त्या म्हणत. म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचा, लिंकवर बाण नुसता ठेवा, दाबू नका, आणि ही मेल आत्ता, मलाच, इतक्या घाईने का आली, हे स्वतःला विचारा. "फुटकं भांडं बोलतं हो सबनीस. ऐकायची तयारी हवी."

त्यांच्या केबिनवर पाटी होती: ‘येथून कोणालाही पासवर्ड विचारला जात नाही. विचारणारा आमचा नव्हे. सांगणारा आमचा असल्यास वाईट वाटेल.’

कोणाचीही भीडभाड नव्हती. आमच्याकडे हाडांचे एक मोठे डॉक्टर होते. त्यांची वेळ मिळायला लोक महिना महिना थांबत. एकदा भर ओपीडीत मॅडम त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, काल दुपारी सव्वाबाराला तुम्ही दुसऱ्या मजल्यावर औषधं लिहून देत होतात, आणि त्याच मिनिटाला तळमजल्यावर एकांना घरी सोडत होतात. देव असाल तर नमस्कार करते. नसाल तर पासवर्ड कुणाला दिलाय ते सांगा."

"अहो मॅडम, मी ऑपरेशनं करू का तुमचे पासवर्ड बडवत बसू?"

"ऑपरेशनला जाताना स्वतःचे हातमोजे दुसऱ्याला घालायला देता का?"

मॅडमनी पर्समधून रेफ्रीचं, ताकीद द्यायचं पिवळं कार्ड काढलं आणि हात ताणून त्यांच्या डोक्यावर धरलं. बाकड्यावर बसलेल्या एक आजी शेजारणीला विचारत होत्या, "एवढ्या मोठ्या डॉक्टरांना पिवळं रेशनकार्ड कशाला गं?" डॉक्टरच आधी हसले. त्या दिवसापासून त्यांचा पासवर्ड त्यांच्या बायकोलाही ठाऊक नव्हता, असं ते स्वतःच सांगत.

शहरात वावरतानाही त्यांची नजर तशीच असे. कुंडीखालची किल्ली, दारावर ‘आम्ही आठ दिवस गावी गेलो आहोत, दूध नको’ अशी चिठ्ठी, चहाच्या दुकानात मोठ्याने सांगितलेली जन्मतारीख. नारायण पेठेतल्या एका घराचं दार वाजवून त्यांनी मालकांना सांगितलं होतं, "तुमची चिठ्ठी दूधवाल्यासाठी असेल, पण वाचता मलाही येते." मालक म्हणाले, "मग वाचली ना? आता जा." दुसऱ्या दिवशी चिठ्ठी मात्र गेली होती.

एकदा आम्ही दोघं स्वारगेटहून एकाच बसमध्ये होतो. उभं राहायलाही जागा नव्हती. पुढच्या सीटवर एक आजोबा फोनवर ठणठणीत आवाजात सांगत होते, "हां, आला मेसेज. लिहून घ्या. चार... सात..." आणि माझ्या कानाशेजारी शिट्टी वाजली. मैदानावरची, अख्खी, जीव खाऊन मारलेली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. अर्धी बस दुसऱ्या अर्ध्या बसच्या अंगावर.

"आजोबा, पुढचे आकडे गिळा," मॅडम म्हणाल्या.

"अहो बाई, आज लाइट कापणार म्हणतायत! नंबर सांगितला नाही तर..."

"कापू देत. मेणबत्ती मी देते. फोन द्या इकडे." आणि फोनमध्ये, अगदी गोड आवाजात, "नमस्कार, लाइट कापायला कधी येताय? नाही, चहा टाकायला बरा."

पलीकडून फोन बंद झाला. कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला. "ओ मॅडम, बस थांबवायचं काम माझंय. पास दाखवा." मॅडमनी पास दाखवला. तो निरखून पाहून म्हणाला, "आता आजोबांनाबी जरा नीट समजावून सांगा, तोवर थांबतो." पुण्यात बस कुणासाठी थांबलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

त्यांच्या मॅचेस बघायला मी अधूनमधून जायचो. फुटबॉलमधलं मला काही कळत नव्हतं. त्यांना धावताना बघायला छान वाटायचं. गणपतीआधी त्याच नदीकाठी ढोलपथकाचा सराव सुरू होई आणि शिट्टी ऐकूच येईना. दुसरा कुणी असता तर भांडला असता. मॅडम पथकप्रमुखाकडे गेल्या आणि म्हणाल्या, "दादा, तिसऱ्या रांगेतला डावीकडचा ढोल मागे पडतोय." त्याने ऐकलं, खरंच पडत होता. ठोक्यांच्या घरात वाढलेली बाई ती! तेव्हापासून मॅच संपेपर्यंत पथक नुसत्या टाळ्यांवर सराव करायचं.

एकदा एका मुलीला पाडलं गेलं आणि मॅडमनी दोन्ही हात पुढे करून खेळ चालूच ठेवला. मध्यंतरात मी विचारलं, "अहो, सरळसरळ फाउल होता की. शिट्टी का नाही वाजवली?"

"पाडली त्यांची, पण बॉल गेला त्यांच्याच दुसरीकडे. ती गोलकडे निघाली होती. मी थांबवलं असतं तर जिच्यावर अन्याय झाला तिच्याच टीमचं नुकसान. याला ॲडव्हान्टेज म्हणतात. खेळू द्यायचं. खेळ थांबला की मागे यायचं आणि पाडणारीला कार्ड दाखवायचं." शिट्टी दोरीभोवती गुंडाळत त्या म्हणाल्या, "रेफ्री विसरत नाही, सबनीस."

मैदानावरची एक रीत त्यांनी हॉस्पिटलात आणली होती. कुणाच्या हातून चुकीची लिंक दाबली गेली, पासवर्ड नको तिथे टाकला गेला, की लगेच उठायचं, हात वर करायचा आणि म्हणायचं, "माझा फाउल." रागावणं नाही, वर तक्रार नाही. मॅडम धावत येणार, वायर काढणार, आणि काम झालं की त्या माणसाला चहा पाजणार. "दहा मिनिटांत कळलं तर तो अपघात," त्या म्हणत. "दहा दिवसांनी कळलं तर तो आजार." अपघात विभागातल्या एका सिस्टरनी भर गर्दीत हात वर केला होता. बाई रडवेल्या झाल्या होत्या. मॅडमनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळ्या वॉर्डाने.

दुसरी रीत तांब्याची. त्यांच्या वडिलांनी घडवलेला शेवटचा तांब्या. त्यावर ठोक्यांची नक्षी अशी की उन्हात धरला तर डोळे दिपावेत. दर तीन महिन्यांनी मॅडम आम्हा सगळ्यांना स्वतःच खोट्या मेल्स पाठवत, आणि ज्या विभागात एकाचीही चूक झाली नाही त्याच्या टेबलावर तो तांब्या जाई. लागोपाठ पाच वेळा तो रेकॉर्डमध्ये होता. माझ्या टेबलावर. मी तो रोज पितांबरीने घासायचो. वय वर्षं पन्नासच्या माणसाने असं करू नये, पण करायचो.

आता मुद्द्यावर येतो.

एका शुक्रवारी दुपारी मला मेल आली. हॉस्पिटलची तपासणी जवळ आली होती, आणि तपासणी समितीला रेकॉर्डची एक यादी तातडीने हवी होती. लिंक उघडली, आमच्यासारखंच पान आलं, मी नाव आणि पासवर्ड टाकला. पुढे काहीच आलं नाही. पांढरा पडदा. मग मी पाठवणाऱ्याचा पत्ता वाचला. टिचकी मारली म्हणा, पण भांडं हातातून पडल्यावर. घड्याळात तीन तेहतीस झाले होते.

हात वर करायला काय लागतं? टेबलावर समोर तांब्या होता. सहाव्यांदा तो आमच्याकडे येणार हे जवळजवळ ठरलं होतं. विभागातले चौघं माझ्याकडे पाठ करून काम करत होते. मी सात मिनिटं तसाच बसलो आणि मग गुपचूप पासवर्ड बदलून टाकला. मनाशी म्हटलं, झालं, कुलूप बदललं. चोर घरात शिरल्यावर कुलूप बदलून काय होतं, हे मला नऊ वर्षं शिकवलेलं होतं.

बुधवारी सकाळी नऊ वाजता सगळे पडदे एकाच वेळी काळे झाले. त्यावर इंग्रजीत धमकी. फायली कुलूपबंद केल्यात, सोडवायच्या तर खंडणी द्या.

त्यानंतरचे चार दिवस मी आयुष्यात विसरणार नाही, आणि ज्यांनी ते पाहिले त्यांनीही विसरू नयेत. मॅडमना आम्ही एका गोष्टीवरून कायम हसायचो. रोज संध्याकाळी त्या सगळ्या नोंदींची नक्कल एका डिस्कवर घेत, ती यंत्रापासून तोडून जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालत आणि पलीकडच्या इमारतीतल्या लोखंडी कपाटात ठेवत. "मॅडमचा डबा भरला का?" असं सगळे विचारायचे. सगळं बुडालं तेव्हा डबा तेवढा कोरडा राहिला. दुसरी चेष्टा त्यांच्या ‘कागदी दिवसा’ची. तीन महिन्यांतून एक दिवस त्या सगळ्यांना संगणकाविना कामाला लावत. "दहा जणींत खेळायची सवय पाहिजे," त्या म्हणायच्या, "अकरावी कधी बाहेर जाईल सांगता येत नाही." त्या चार दिवसांत एकही ऑपरेशन चुकलं नाही, एकाही पेशंटला चुकीचं रक्त चढलं नाही. वॉर्डावॉर्डांतून कार्बन पेपर फिरत होते. मॅडम साडीचा पदर खोचून तळघरातल्या सर्व्हरच्या खोलीत एकेक यंत्र धुऊन पुसून उभं करत होत्या. गुडघा सुजून भोपळ्याएवढा झालेला. खंडणीचा विषय निघाला तेव्हा विश्वस्तांना त्या एवढंच म्हणाल्या, "डबा आहे. जेवायला बाहेर जायची गरज नाही."

रविवारी सगळं सुरू झालं. सोमवारी चौकशी बसली.

कागदी कामात रेकॉर्ड विभागाने मोठी कामगिरी केली म्हणून मीही चौकशीच्या खोलीत होतो. टेबलापलीकडे तीन विश्वस्त आणि एक वकील. वकिलांनी विचारलं, "हे आत आलं कुणाच्या संगणकावरून? तुम्हाला माहीत असेलच."

"माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "सांगणार नाही."

"का?"

"आज नाव सांगितलं तर पुढच्या वेळी एकही हात वर होणार नाही."

"मग जबाबदारी कुणाची?"

"माझी. मी बक्षीस चुकीच्या गोष्टीला लावलं. चूक न करणाऱ्याला तांब्या दिला. असं केलं की माणसं चूक करायची थांबत नाहीत, सांगायची थांबतात. हे मला आधी कळायला हवं होतं."

विश्वस्तांना यातलं काही कळलं नाही. त्यांनी लिहून घेतलं: विभागप्रमुखांनी चूक मान्य केली. मॅडमनी या सगळ्यात एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. तो संगणक माझा हे त्यांना माहीत नसणार, ‘माहीत आहे’ हे त्या वकिलांना गप्प करायला म्हणाल्या, अशी मी स्वतःची समजूत घातली. माझ्यासमोर पाण्याचा ग्लास होता. मी पाणी प्यायलो.

त्यांचा विभाग बाहेरच्या कंपनीकडे गेला. त्यांना ग्रंथालयाच्या कोपऱ्यात एक टेबल मिळालं आणि ‘सल्लागार’ असं नाव. सल्ला कुणी विचारला नाही. सहा महिन्यांनी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्याच महिन्यात स्टाफ डेला, संकटकाळात हॉस्पिटल कागदावर चालवल्याबद्दल माझा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार झाला. मी तो स्वीकारला. पुढे कँटीनमध्ये कुणी म्हणायचं, "तांबट बाईंच्या ढिलाईमुळे झालं ते," तेव्हा मी काही बोललो नाही. एकदा तर मान हलवली. चार वर्षं. तांब्या माझ्या टेबलावरच राहिला. तो परत मागायला कुणी उरलंच नव्हतं.

स्मरणिकेचं काम आलं तेव्हा मनात एकच नाव आलं. त्यांना विचारल्याशिवाय कसं लिहायचं? म्हणून मागच्या रविवारी तांब्या पिशवीत घालून मैदानावर गेलो.

मध्यंतर झालं होतं. मुली संत्र्याच्या फोडी खात बसल्या होत्या. मॅडम मैदानाच्या मधोमध उभ्या राहून पाणी पीत होत्या. केस पांढरे झालेत, गुडघ्याला पट्टा. मी रेषेवर थांबलो. मग हात वर केला आणि आत गेलो. एवढं अंतर चालायला मला बराच वेळ लागला.

"काय सबनीस, बदली खेळाडू म्हणून आलात का?"

"मॅडम, माझा फाउल."

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "कुठला?"

"तो शुक्रवारचा. मेल मी उघडली होती. पासवर्ड मी..."

"तीन चाळीसला बदललात," त्या म्हणाल्या. "माहीत आहे. आपल्याकडे पासवर्ड बदला म्हणून सहा वेळा आठवण केली तरी माणूस हलत नाही. तुम्ही आपणहून बदललात. बुधवारी दुपारीच दिसलं मला."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तेव्हा शिट्टी मारली असती तर सगळे तुमच्याभोवती गोळा झाले असते. मला माणसं वॉर्डात हवी होती. कागदावर हॉस्पिटल चालवायला तुमच्याइतका तयार माणूस दुसरा कोण होता? बॉल आपल्याकडे होता, मी खेळ चालू ठेवला." मग म्हणाल्या, "ॲडव्हान्टेज मी हॉस्पिटलला दिला होता बरं का, तुम्हाला नाही. खेळ थांबला की तुम्ही याल असं वाटलं होतं. तुमचा खेळ चार वर्षं थांबेचना."

मी पिशवीतून तांब्या काढून पुढे केला. त्यांनी तो कानाशी धरला आणि टिचकी मारली. बराच वेळ ऐकत राहिल्या.

"चांगला ठेवलात," त्या म्हणाल्या. "न्या परत. आता ज्याचा हात पहिल्यांदा वर जाईल त्याला द्या. आणि माझ्याकडे येऊन काय उपयोग? मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

"मॅडम, नोकरीची अजून तीन वर्षं आहेत."

त्यांनी खिशातून छोटी वही काढली. पेन्सिलीने लिहिताना स्वतःशीच पुटपुटल्या, "सबनीस, रेकॉर्ड. मिनिट?"

"तीन तेहतीस."

तेही लिहिलं. मग टाचा उंचावून, हात पूर्ण ताणून, त्यांनी पिवळं कार्ड माझ्या डोक्यावर धरलं. बसलेल्या मुली टाळ्या पिटून हसायला लागल्या. एक ओरडली, "मॅम, काकांनी काय केलं?"

"पिवळं आहे, सबनीस," मॅडम हळूच म्हणाल्या. "लाल नाही. मैदानात राहता येतं. आता रेषेबाहेर व्हा, मला खेळ सुरू करायचाय."

मी तांब्या घेऊन मागे वळलो. पाठीमागे शिट्टी वाजली आणि मुलींच्या पायांचा धबधबा सुरू झाला. रेषेबाहेर येऊन पाहिलं तर मॅडम पट्टा बांधलेल्या गुडघ्यावर उलट्या पावली धावत होत्या, नजर बॉलवर, माझ्याकडे अजिबात नाही. शेजारी उभ्या असलेल्या कुणाच्या तरी वडिलांनी मला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय का?" तेव्हा कळलं, माझा हात पुन्हा वर गेला होता.